भर उन्हाळ्यात दुपारी झाडं माना टाकतात, तेव्हा पाणी द्यायचं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गच्चीवर वीस-बावीस कुंड्या आहेत. त्यांत टोमॅटो, मिरची, काकडीचा एक वेल, पुदिना आणि एक जुना गुलाब. गेले तीन आठवडे ऊन रणरणतंय. तुम्ही सकाळ, दुपार, संध्याकाळ असं तीनदा पाणी देता, तरी बारा वाजले की सगळी झाडं माना टाकतात. टोमॅटोला फुलं येतात आणि देठासकट गळून पडतात. गुलाबाची पानं तर करपूनच गेली. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘चौथ्यांदा पाणी देऊ का? आणि गुलाब काढून टाकू का?’

चौथ्यांदा नको. दुपारचं जे देताय तेही सध्या थांबवा. गुलाबाचं शेवटी सांगते, त्याला घाई नाही.

पंचवीस वर्षं मी कुंड्यांत आणि थोड्याशा जमिनीवर बाग करते आहे. भर उन्हाळ्यात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो. विचारणाऱ्याला तो पाण्याचा प्रश्न वाटतो. मला विचाराल तर खरी अडचण ही आहे की आपण झाडाकडे चुकीच्या वेळी बघून निर्णय घेतो. दुपारी एक वाजता झाड जे सांगतं त्यावरून काही ठरवायचं नसतं. तेच झाड पहाटे बघायचं.

दुपारी नेमकं काय होतं ते बघा. मुळं पाणी ओढतात आणि पानांच्या बारीक छिद्रांतून ते वाफ होऊन बाहेर पडतं. झाड जेवढं पाणी पितं त्यातला अगदी किरकोळ भाग त्याच्या अंगी लागतो, बाकी जवळजवळ सगळं हवेत जातं. हे पहिल्यांदा नीट मोजलं गेलं तेही भर उन्हाळ्यातच. १७२४च्या जुलैमध्ये स्टीफन हेल्स या इंग्रज अभ्यासकाने साडेतीन फूट उंचीचं कुंडीतलं सूर्यफूल घेतलं, मातीतून वाफ जाऊ नये म्हणून कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्याने बंद केलं आणि पंधरा दिवस ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाच्या बारा तासांत त्या एका झाडातून सरासरी ५७० ग्रॅमच्या आसपास पाणी उडून जात होतं. एका कोरड्या, तापलेल्या दिवशी तर सुमारे ८५० ग्रॅम गेलं. उबदार पण कोरड्या रात्री मात्र जेमतेम ८५ ग्रॅम, आणि दव पडलं त्या रात्री काहीच नाही. हे आकडे मला पाठ आहेत, कारण आपल्याला हवं ते सगळं त्यांत आहे. झाडाचा खर्च दिवसा होतो आणि भरपाई रात्री होते.

दुपारी पानातून पाणी जितक्या वेगाने उडतं तितक्या वेगाने मुळांना ते ओढता येत नाही. माती ओली असली तरी येत नाही. मग पानातला ताण कमी होतो आणि पान लोंबतं. लोंबलेल्या पानावर ऊन थेट कमी पडतं. त्याच वेळी छिद्रंही मिटतात आणि पाण्याचा खर्च आटोक्यात येतो. म्हणजे ज्याला आपण झाडाची हाक समजतो ती बऱ्याचदा झाडाची स्वतःची सोय असते. काकडी-भोपळ्यासारख्या मोठ्या पानांच्या वेलांत हे सर्वांत ठळक दिसतं. दुपारी तो वेल बघवत नाही आणि उन्हं उतरली की तासाभरात तरारून उभा राहतो.

म्हणून उद्यापासून आठवडाभर एवढं करा. सूर्य वर यायच्या आत गच्चीवर जा, हातात झारी न घेता. प्रत्येक कुंडीसमोर दोन-तीन सेकंद थांबा. पानं ताठ असतील तर काल दुपारी काहीही दिसलेलं असो, त्या झाडाला पाण्याची तक्रार नव्हती. पहाटेही पानं मलूल असतील तर मात्र खरंच काहीतरी बिघडलंय. पण तेव्हाही लगेच पाणी ओतू नका. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला. तिथे कोरडं लागलं तर झाड तहानलेलं आहे. तिथे चिखल लागला तर झाड बुडतंय.

हा दुसरा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही झाडं बाहेरून सारखीच दिसतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधली सगळी पोकळी सतत पाण्याने भरलेली राहिली की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग झाड भर पाण्यात उभं राहून सुकतं. शेतीतला ‘वाफसा’ हा शब्द मला फार आवडतो. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोटाने टिचकी मारली की तो फुटावा, हाताला ओल लागावी पण पाणी निथळू नये. पाणी आणि हवा दोन्ही जिथे नांदतात ती ही अवस्था. कुंडीतही तेच गाठायचं असतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. बागेच्या चौथ्या की पाचव्या उन्हाळ्यात माझ्याकडे मिरचीची सहा देखणी झाडं होती. दुपारी त्यांनी माना टाकल्या की माझा जीव कासावीस व्हायचा, आणि मी तांब्याने पाणी घालत राहायचे. दहा-बारा दिवसांत चार झाडं गेली. एक उपटलं तेव्हा मातीला गटारासारखा वास येत होता. बोटांत धरलेल्या मुळाची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत फक्त एक तपकिरी दोरा उरला. त्या दिवशी मी खूप रडले. तुम्ही लिहिलंय ना, ‘मी एवढं करते तरी झाडं जगत नाहीत’, ते वाचून मला ती दुपार आठवली. तुमच्या मायेत काही कमी नाही. ती झाडापर्यंत चुकीच्या वेळी पोचतेय.

आता पाणी कसं द्यायचं. इथे मला कबूल करायला हवं की ठराविक माप मी देऊ शकत नाही. कुंडी मातीची की प्लास्टिकची, सहा इंची की चौदा इंची, मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किती, गच्चीवर वारा किती, ऊन किती तास, झाड केवढं, या सगळ्यावर ते ठरतं. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते, त्यामुळे गार राहते पण लवकर वाळते. प्लास्टिकची उलट. वारा हा छुपा चोर आहे. त्याच उन्हात, पण वाऱ्याच्या तोंडावर ठेवलेली कुंडी आडोशाच्या कुंडीपेक्षा कितीतरी लवकर कोरडी पडते. फळांवर आलेल्या मोठ्या टोमॅटोला बारा इंची कुंडीत दिवसाला दोन लिटर पाणीही कमी पडतं, आणि शेजारच्या लहानशा रोपाला पेलाभर पुरतं. म्हणून सगळ्यांना एकेक मग हा हिशेब चालत नाही.

माप कुंडीलाच विचारायचं. पाणी दिल्यावर ती दोन्ही हातांनी किंचित उचलून बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे परत उचला. चार-पाच दिवसांत हाताला वजन कळायला लागतं. हेल्सने तराजूवर केलं तेच आपण हातांनी करायचं. मोठी कुंडी उचलत नाही, तिथे बोट आहेच.

पाणी पहाटे द्या. त्या वेळी झाड भरपाई करत असतं, माती थंड असते, दिलेलं पाणी उडून जात नाही. द्यायचं ते पोटभर, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. दिवसातून तीनदा वरवर शिंपडलं की वरचा दोन इंचांचा थर तेवढा ओला होतो. मुळं मग त्याच थरात घोटाळतात, आणि दुपारी सर्वांत आधी तापतो तोही तोच थर. खोल गेलेलं पाणी मुळांना खाली बोलावतं. लहान कुंड्यांना कडक उन्हात संध्याकाळीही पाणी लागेल, पण बोट कोरडं निघालं तरच. जमिनीतल्या वाफ्याला तर रोज पाणी लागतच नाही. तिथे दोन-तीन दिवसांनी भरपूर द्यावं.

एक गोष्ट तुमच्या वर्णनावरून मला खटकली. तुम्ही म्हणता की पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं. त्या कुंडीत कोकोपीट जास्त असेल आणि ते एकदा पूर्ण वाळलं असेल, तर मिश्रण आक्रसून कडेने फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं. वरून तुम्हाला वाटतं भरपूर दिलं. आत मधला गोळा खडखडीत कोरडा असतो. अशी कुंडी टबात किंवा बादलीत ठेवा आणि निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. बुडबुडे येतील. अर्धा तास ठेवा, बुडबुडे थांबले की काढा आणि निथळू द्या. तीनदा पाणी घालूनही पहाटे मलूल असणारी झाडं एवढ्यानेच उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

पाइपने पाणी देत असाल तर आधी हातावर घेऊन बघा. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते एका बादलीत सोडून द्या, निवल्यावर वापरा. आणि भर उन्हात पानांवर थेंब पडले की ते भिंगासारखे पान जाळतात, ही भीती मनातून काढून टाका. हंगेरीतल्या संशोधकांनी हे तपासून २०१० साली प्रसिद्ध केलं आहे. गुळगुळीत पानावर बसलेल्या थेंबाने पान भाजत नाही. ज्या पानांवरची लव थेंबाला पानापासून वर उचलून धरते, तिथेच तसं होऊ शकतं. दुपारी पाणी टाळायचं कारण वेगळं आहे. ते मुळांपर्यंत पोचण्याआधी उडतं, आणि आपण माती न तपासता ओतत राहतो.

पाण्यापेक्षाही मला गच्चीवर जास्त काळजी वाटते ती मुळं तापण्याची. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू ५० अंशांच्या जवळ जाऊ शकते, आणि माती ४० अंशांच्या आसपास पोचली की बहुतेक झाडांची मुळं नीट काम करेनाशी होतात. कडेची कोवळी मुळं भाजली की तुम्ही कितीही पाणी द्या, ते ओढणारं कोणी उरत नाही. दुपारी तळहात कुंडीच्या बाजूला लावून बघा. हात ठेववत नसेल तर आतल्या मुळांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

यावरचे उपाय साधे आहेत. कुंड्या सुट्या सुट्या मांडू नका, एकमेकींना खेटून ठेवा. मोठ्या बाहेर, लहान मधे. एकीची सावली दुसरीवर पडते आणि मधली हवाही जरा दमट राहते. फरशीवर थेट न ठेवता दोन विटांवर किंवा लाकडाच्या फळीवर ठेवा, कारण तापलेली फरशी सूर्य मावळल्यावरही खालून शेकत राहते. काळी कुंडी जरा मोठ्या रिकाम्या कुंडीत बसवली तर मधली हवा आड येते. पांढरं कापड गुंडाळलं तरी फरक पडतो. सावलीची जाळी बांधणार असाल तर भाज्यांना ३० ते ५० टक्के ऊन अडवणारी पुरे. त्याहून दाट नको. आणि एकाच बाजूला बांधता येत असेल तर पश्चिमेला बांधा. सकाळचं ऊन झाडाला हवंच असतं, त्याला मारतं ते दुपारी दोननंतरचं.

मग आच्छादन. वाळलेला पालापाचोळा, गवत, पेंढा, जे हाताशी असेल ते मातीवर दोन-तीन इंच पसरा. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा, नाहीतर खोड ओलं राहून कुजतं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना मी एकाच कुंडीत करून बघायला सांगते. चौथ्या दिवशी दुपारी आच्छादन बाजूला करून मातीला हात लावा, मग शेजारच्या उघड्या कुंडीला लावा. पुढचं मी समजावून सांगावं लागत नाही.

इथवरचं थोडक्यात असं. पहाटे बघायचं, बोटाने तपासायचं, पहाटेच पोटभर पाणी द्यायचं, कुंडी गार ठेवायची, माती झाकायची. तुमच्याकडे सकाळचा अर्धा तास आहे म्हणालात, त्यात हे आरामात बसतं.

टोमॅटोच्या फुलांचं मात्र वेगळं आहे आणि त्यात तुमची काही चूक नाही. दिवसाचं तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचं २४ च्या वर राहू लागलं की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फूल दिसायला छान असतं, पण फळ धरत नाही, आणि चार-पाच दिवसांत देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. लहान फळांच्या जाती जरा जास्त तग धरतात. उष्णता उतरली की हेच झाड पुन्हा धरतं, फक्त तोवर ते जिवंत ठेवायचं. या काळात खत देऊ नका. लोक इथेच हमखास फसतात, झाड दमलेलं दिसलं की खत घालतात. छिद्रं मिटलेल्या झाडाला वाढायचंच नसतं, आणि खतातले क्षार मातीत साठून उलट मुळांतलं पाणी ओढतात. पानांच्या कडा करपण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. छाटणी नको, कुंडी बदलणं नको. टोमॅटोची जास्तीची वाटणारी पानंसुद्धा राहू द्या, फळांवर सावली त्यांचीच असते.

जी फळं आधी धरली आहेत त्यांच्या बुडाला काळा, चामड्यासारखा खोलगट डाग दिसला तर तो रोग समजून फवारणी करू नका. फळाला कॅल्शियम कमी पडल्याची ती खूण आहे, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर प्रवास करतं. कधी कोरडं, कधी चिखल असं झालं की ते फळापर्यंत पोचत नाही, कारण पानं आपल्याकडे जास्त पाणी खेचतात. पाण्यात सातत्य आलं की पुढची फळं चांगली येतात, डाग पडलेली काढून टाका. आणखी एक. ३० अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंग तयार होणं मंदावतं, म्हणून फळं पिवळट-केशरी राहतात. रंगाची पहिली छटा दिसली की तोडा आणि घरात सावलीत पिकू द्या. काकडी कडू लागतेय का ते तुम्ही लिहिलं नाही, पण लागली तर तेही उन्हाच्या आणि पाण्याच्या ताणाचंच लक्षण समजा.

तुमच्या गुलाबाच्या वर्णनात एक ओळ होती, ‘पानं आधी धुळकट दिसायला लागली.’ तिथे मी थांबले. उन्हाने करपलेलं पान कडेने किंवा मधे कोरडं, कागदासारखं होतं. धुळकट, बारीक पिवळसर ठिपक्यांनी भरलेलं पान म्हणजे मला लाल कोळी आठवतो. अर्ध्या मिलिमीटरचा जीव, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, आणि कोरडी उष्ण हवा त्याला फार मानवते. ३० अंशांच्या आसपास त्याची एक पिढी साधारण आठवड्याभरात तयार होते. एक पान पांढऱ्या कागदावर धरून टिचकी मारा आणि कागदाकडे बघत राहा. पडलेल्या धुळीतला एखादा कण चालायला लागला तर उत्तर मिळालं. मग पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, सकाळी, दोन-तीन दिवसांच्या अंतराने, दोन-तीन आठवडे. जास्त लागण झालेली पानं काढून पिशवीत बांधून टाका, कुंडीत टाकू नका. शेजारच्या झाडांची पानंही उलटून बघा. सरसकट कीटकनाशक मारू नका, त्याने कोळी खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि कोळी दुपटीने वाढतो.

भर उन्हाळ्यात माझा स्वतःचा दिवस कसा जातो तेही सांगते, कारण तुम्ही विचारलंय की अनुभवी माणसं या दिवसांत काय करतात. फार कमी करतात. पहाटे चहा व्हायच्या आधी मी एक फेरी मारते. पानं बघते, दोन-चार उलटून बघते, ज्या कुंडीला हवं तिला पाणी देते. दुपारी मी गच्चीचं दार उघडत नाही. पहिली काही वर्षं मला ते जमत नसे, खिडकीतून लोंबलेली पानं दिसली की हात शिवशिवायचे. आता खिडकीतून बघते आणि बसून राहते. संध्याकाळी पुन्हा जाते तेव्हा दुपारी मेल्यासारखा दिसणारा वेल उभा असतो. इतक्या वर्षांनंतरही मला ते बघून दर वेळी बरं वाटतं. वर्षभर बाग आपल्याला काही ना काही करायला लावते. या दोन महिन्यांत ती बघायला शिकवते, आणि माझी बहुतेक झाडं मला ओळखीची झाली ती अशाच उन्हाळ्यांत.

आता गुलाब. काढू नका. पानं गेली म्हणजे झाड गेलं असं नसतं. कडक ताणात पानं टाकून देणं हाही खर्च कमी करण्याचाच मार्ग आहे. फांदीच्या टोकाजवळ नखाने साल अगदी हलकी खरवडा, तांदळाच्या दाण्याएवढी. आत तपकिरी, कोरडं दिसलं तर चार बोटं खाली येऊन पुन्हा खरवडा. असं करत खाली या. कुठेही ओलसर हिरवं दिसलं तर तिथून खालचं झाड जिवंत आहे. ती जागा दोऱ्याने खूण करून ठेवा, पण आत्ता कापू नका. कुंडी दुपारच्या सावलीत हलवा. पानं नाहीत म्हणजे पाण्याचा खर्चही नाही, तेव्हा पाणी पूर्वीच्या निम्मं करा आणि बोट घालूनच द्या. हवा निवली आणि खुणेच्या खालच्या डोळ्यांवर (नवी फूट येते त्या जागांवर) लालसर फुगवटा दिसायला लागला, की मग त्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप द्या.

खोडाच्या अगदी बुडाशी खरवडूनही हिरवं दिसलं नाही तर मला कळवा. तेव्हा मुळं कशी आहेत, कोणत्या रंगाची आहेत, साल सुटते का, तेवढं बघून ठेवा.